मैदानाला पत्रे लागायच्या आधी: डीपी (शहराचा विकास आराखडा) बघण्यापासून हरकत टाकेपर्यंत

"काका, मैदानाला पत्रे लागलेत, आता काय करायचं?" असा फोन मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो. मी विचारतो सर्व्हे नंबर काय, की समोर शांतता. मग म्हणतात, अहो ते आपलं मारुतीच्या देवळामागचं मैदान. आता महापालिकेच्या कुठल्याच रजिस्टरला देवळामागचं मैदान नावाची नोंद नसते, तिथे असतो नंबर. बांधकामासाठी पत्र्यांचं कुंपण लागलं म्हणजे निम्मा खेळ संपलेला असतो, कारण जागा जमिनीवरून जाते त्याच्या आधीच ती कागदावरून गेलेली असते, कधी दोन वर्षं आधी, कधी दहा. म्हणून हे लिहितोय, ज्यांनी आजवर नगररचना विभागाचा जिना चढलेला नाही त्यांच्यासाठी. मी वकील नाही, आर्किटेक्ट नाही, नोकरी सांभाळून हे करत आलोय, आणि पहिल्या दोन-तीन वेळा सपशेल आपटलोय.

आधी जागेची जात ओळखा

सगळी मोकळी जागा एकसारखी नसते, आणि इथेच बहुतेक लोक घोळ घालतात. पहिला प्रकार डीपीतलं आरक्षण. विकास आराखड्यात एखाद्या जमिनीवर खेळाचं मैदान, उद्यान असं आरक्षण टाकलेलं असतं. पण आरक्षण आहे म्हणजे जागा महापालिकेची झाली असं नाही, सातबारावर अजून खाजगी मालकाचंच नाव असू शकतं आणि खूपदा तेच असतं. दुसरा प्रकार लेआउटमधली, म्हणजे प्लॉट पाडताना केलेल्या आखणीतली, ओपन स्पेस. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, मुंबई वगैरे सोडून राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या यूडीसीपीआर या एकत्रित बांधकाम नियमावलीत तसं आहे. म्हणजे ४,००० चौरस मीटरला ४०० चौरस मीटर. ही जागा डीपीच्या नकाशावर दिसणारच नाही, ती दिसते मंजूर लेआउटवर, आणि ती तिथल्या प्लॉटधारकांच्या वापरासाठी असते, बिल्डरने नंतर विकायला नसते. तिसरा प्रकार सरकारी जमीन, गायरान वगैरे. गाव शहरात घेतलं गेलं की गायरान कुणाचंच नसल्यासारखं होतं आणि मग ते सगळ्यांचं होतं, कळलं ना कसं ते. चौथा म्हणजे टेकडी, नाला, नदीकाठ. तिथे निळी आणि लाल पूररेषा बघायची, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.

प्रत्येकाचा कायदा वेगळा, टेबल वेगळं. लेआउटच्या ओपन स्पेससाठी तुम्ही डीपीवर हरकत घेत बसलात तर साहेब शांतपणे ऐकून घेतात आणि सांगतात की हा विषय आमच्याकडे नाही.

नंबर शोधा

गावठाणाबाहेर सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, जुन्या शहरात सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर. मोबाईलवर महाभूनकाशा ही जमिनींच्या नकाशांची सरकारी साइट उघडा, जिल्हा-तालुका-गाव निवडा आणि जवळच्या ओळखीच्या रस्त्यावरून सरकत सरकत या. नंबर मिळाला की महाभूमीच्या साइटवर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड बघा. पोटहिस्सा नीट लिहून घ्या, १२/१ आणि १२/१ब यात फरक असतो आणि त्या एका ब वर आमची एक अख्खी तक्रार परत आली होती.

त्याच बसकणीत गूगल अर्थ प्रो उघडा, कॉम्प्युटरवर फुकट आहे, त्यात जुनी सॅटेलाइट चित्रं वर्षावार दिसतात. २००८ ला जागा मोकळी, २०१५ ला कोपऱ्यात एक शेड, २०१९ ला शेडची भिंत. स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट. क्षेत्रफळही त्यातच मोजता येतं. आणि ज्याला हे जमत नाही त्याने मैदानात जाऊन बघावं, पोरांचं पिच २२ यार्डाचं असेल तर ते साधारण २० मीटर, अशी किती पिचं लांबीला आणि किती रुंदीला बसतात ते मोजलं की अंदाज येतो. मी हे खरंच केलंय, पोरांनी मला अंपायर समजून वाद घातला तो भाग वेगळा.

आता डीपी

मंजूर विकास आराखडा महापालिकेच्या साइटवर असतो, पण फाइल कधी उघडते कधी नाही आणि उघडली तर अक्षरं पुसट, म्हणून त्यावर विसंबू नका. नगररचना किंवा बांधकाम विभागात अर्ज करून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, फी भरली की मिळतो, मुंबईत याला डीपी रिमार्क म्हणतात. दाखल्यावर सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं असतं की ही जमीन रहिवास विभागात आहे की आरक्षणाने बाधित, आरक्षण क्रमांक काय, रस्ता जातोय का. पुढे तुम्ही जे काही कराल त्याचा पाया म्हणजे हा एक कागद, दोनशे सह्यांपेक्षा भारी.

नकाशा वाचताना आधी कोपऱ्यातली खुणांची यादी बघा, रंगावरून अंदाज लावू नका. मुंबईच्या आराखड्यात नवीन मैदानाच्या आरक्षणाला आरओएस १.४ आणि बागेला आरओएस १.५ असे कोड आहेत, दुसऱ्या शहरात दुसरे असतील. स्केल बघा, १:५००० असेल तर नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर.

तारखा, आणि हा भाग नीट वाचा

डीपीचा सगळा कारभार चालतो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ वर, ऑफिसात नुसतं एमआरटीपी म्हणतात. अख्खा कायदा वाचायची गरज नाही, तीन कलमं लक्षात ठेवा: २६, ३७ आणि १२७.

कलम २६ म्हणजे नवीन प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा. डीपी साधारण २० वर्षांनी सुधारतात, म्हणजे ही संधी एका पिढीत एकदा येते. हरकतीची मुदत कुठे ३० दिवस कुठे ६०, नोटिशीत जी तारीख आहे ती धरायची. या काळात हरकत आणि सूचना दोन्ही देता येतात, म्हणजे नुसतं हे नको म्हणू नका, इथे मैदान टाका असंही म्हणता येतं, जे फार कमी लोक करतात. हरकतींनी काही होत नाही म्हणणाऱ्यांना मी मुंबईचं सांगतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप डीपी आला, त्यात इतक्या चुका निघाल्या आणि लोकांनी इतका आवाज केला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला, सुधारित प्रारूप २०१६ ला आलं आणि मंजुरीला २०१८ उजाडलं.

कलम ३७ म्हणजे मंजूर डीपीत मधेच केलेला फेरबदल. खरी चोरवाट म्हणाल तर ही. वीस वर्षं सगळे गाफील, आणि एका मंगळवारी पेपरात नाव बदलल्याच्या आणि गहाळ कागदपत्रांच्या जाहिरातींशेजारी बारीक टायपात एक जाहीर सूचना येते, हरकतीला एक महिना. बऱ्याच फेरबदलांना खरं कारणही असतं, रस्त्याची आखणी चुकलेली असते, कुठे दवाखाना हवा असतो, मी सरसकट शंका घेत नाही. पण वाचायला हवं. भाषा साधारण अशी असते: "मौजे अमुक, स. नं. तमुक येथील आरक्षण क्र. इतके 'खेळाचे मैदान' मधून वगळून सदर क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करणे." यातला "वगळून" हा शब्द शोधायचा. दुसरा "अंशतः". तिसरा "स्थलांतरित", म्हणजे मैदान आहेच हो, फक्त तीन किलोमीटर लांब, नाल्याच्या पलीकडे.

एका शब्दाने किती फरक पडतो ते बघायचं तर मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनी बघा. १९९१ च्या नियमात ढोबळ हिशेब असा होता की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांना, एक तृतीयांश सार्वजनिक घरांना, उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी सगळ्या जमिनीला न लागता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या भागाला लागेल असं झालं. गिरणीत शेड सोडून मोकळं असतंच किती? बागांच्या वाट्याला त्यातलाही तिसरा हिस्सा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, मार्च २००६ मध्ये तो बदल कायम झाला. गिरणगावातल्या पोरांना मैदान किती मिळालं ते आज लोअर परळला उभं राहून बघा.

कलम १२७ सगळ्यात सायलेंट. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो, आणि मग २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे सरळ भाषेत उठतं. इथे मी मालकाला शिव्या घालत नाही हं. ज्याच्या जमिनीवर शिक्का मारून ठेवलाय, पैसे दिले नाहीत, त्याला काही बांधू दिलं नाही, त्याने किती वाट बघायची? प्रश्न महापालिकेला विचारायचा, नोटीस येऊन पडली तेव्हा २४ महिने काय केलं. म्हणून आज कॅलेंडर काढा, तुमच्या भागाचा डीपी कधी लागू झाला ते बघा, त्यात १० मिळवा. तो आकडा जवळ आला असेल किंवा उलटून गेला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून यावर बसा.

हरकत कशी लिहायची

माझी पहिली हरकत दीड पानांची होती. त्यात माझं बालपण होतं, विटीदांडू होता, ऑक्सिजन होता, पुढच्या पिढ्या होत्या, फक्त सर्व्हे नंबर नव्हता. सुनावणीत समितीतल्या एका सदस्याने ती उलटसुलट करून विचारलं, जागा कुठली? मी सांगायला लागलो आणि माझी वेळ संपली.

एक पान पुरे. वर विषयात आरक्षण क्रमांक, मौजे, सर्व्हे नंबर आणि कोणत्या तारखेच्या नोटिशीवर हरकत आहे ते. पहिल्या परिच्छेदात म्हणणं एका वाक्यात: "सदर आरक्षण वगळण्यास माझी हरकत असून ते आहे तसे कायम ठेवावे." मग कारणं, तीन पुरेत पण मोजता येणारी. जसं की या मैदानाच्या एक किलोमीटरच्या आत दुसरं सार्वजनिक मैदान नाही (हे आधी खरंच चालून बघा), प्रभागाची लोकसंख्या जनगणनेप्रमाणे इतकी आणि डीपीतली उद्यानं-मैदानं मिळून क्षेत्र इतकं, म्हणजे माणशी इतकं चौरस मीटर. केंद्र सरकारच्या शहर नियोजनाच्या २०१४ च्या यूआरडीपीएफआय मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरलेली आहे, तुमचा आकडा त्याशेजारी ठेवा, विशेषणं लावायची गरज उरत नाही. आणि जागा उद्यानाची असून तिथे दुसरंच काही, अगदी हॉस्पिटलसारखं चांगलं काही, आणत असतील तर बेंगळुरू मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा हा सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा निकाल नमूद करा, तिथे उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी नर्सिंग होमला देणं कोर्टाने चुकीचं ठरवलं होतं. शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी" हे वाक्य विसरू नका. सोबत झोन दाखला, भाग नकाशा, दोन फोटो.

एकाच मजकुराच्या चारशे झेरॉक्सवर सह्या घेऊन जाण्यात फार दम नाही. आम्ही तसं केलं तेव्हा सगळी हरकतपत्रं एका ढिगात एकदाच पुकारली गेली आणि चारशे जणांच्या वतीने बोलायला एकाच माणसाला वेळ मिळाला. त्यापेक्षा पंधरा जण वेगवेगळ्या कारणांचं लिहा. शाळेच्या पीटीच्या बाईंनी मुलं कुठे पळतात ते लिहावं, सोसायटीच्या सेक्रेटरीने पाणी कुठे तुंबतं ते, आजोबांनी सकाळचा कट्टा.

आणि पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. "ठेवा इथे, मी देतो साहेबांना" म्हणणारा माणूस कितीही गोड असला तरी शिक्का मारेपर्यंत खिडकी सोडायची नाही. ईमेल पण करा पण ईमेलच्या भरवशावर राहू नका.

सुनावणी

कलम २६ च्या हरकती नियोजन समिती ऐकते, तीन सदस्य स्थायी समितीचे आणि चारपर्यंत बाहेरचे तज्ज्ञ. पत्र येतं, अमुक तारखेला ११ वाजता. अकरा म्हणजे तीनही होऊ शकतात, डबा न्या. तुम्हाला मिळणार दोन-तीन मिनिटं, तेव्हा मोठा करून छापलेला नकाशा टेबलावर पसरा, जागेवर बोट ठेवा आणि मगच तोंड उघडा. तज्ज्ञ सदस्य नकाशाकडे बघतात, भाषणाकडे नाही. कुणा नेत्याचं नाव घेऊ नका, बिल्डरने पैसे चारले वगैरे तर मुळीच नको, पुरावा नसेल तर सगळा विषय तिकडे घसरतो. काय बोललात ते लेखी टिपण म्हणून तिथेच द्या आणि त्याचीही पोच.

इथे काम संपत नाही. समितीचा अहवाल जातो महापालिकेकडे, तिथून आराखडा राज्य सरकारकडे, आणि सरकारने मोठे बदल सुचवले तर तेवढा भाग बाजूला काढून त्यावर पुन्हा हरकती मागवतात, त्याला ईपी (एक्सक्लूडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणतात. बरेच लोक पहिल्या सुनावणीनंतर पेढे वाटून घरी बसतात आणि दुसऱ्या फेरीत जागा जाते.

माहिती अधिकार

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर प्रथम अपील. "का" विचारू नका, का ला उत्तर येत नाही, कागद मागा. माझे ठरलेले प्रश्न: प्रभागातील मैदान व उद्यान आरक्षणांची यादी, क्षेत्र आणि ताब्यात आलेलं क्षेत्र यासह, गेल्या पाच वर्षांत कलम १२७ खाली आलेल्या नोटिसांची यादी आणि त्यावरची कार्यवाही, अमुक लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रत. वेगवेगळे अर्ज करा, एकात कोंबू नका. आणि शक्य असेल तर फाइल प्रत्यक्ष बघायला मागा, फाइलच्या डाव्या बाजूच्या टिपणीत जे लिहिलेलं असतं ते उत्तराच्या पत्रात कधीच येत नाही. नव्या लेआउटचा मंजूर नकाशा तर महारेराच्या (बिल्डरांचे प्रकल्प नोंदवणाऱ्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टच्या नावाने घरबसल्या सापडतो, बुकिंगच्या ब्रोशरमधली बाग आणि मंजूर नकाशातली बाग शेजारी ठेवून बघा एकदा.

बजेटकडे बघणारं कोणीतरी पाहिजे

शहराचं प्राधान्य काय आहे हे डीपीच्या प्रस्तावनेत नका शोधू, तिथे सगळं हिरवंच असतं. बजेटमध्ये बघा. रस्ते, उड्डाणपूल, सुशोभीकरण यांच्यापुढे किती, आणि उद्यान-मैदानांच्या भूसंपादनापुढे किती. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर शहरात जमिनीच्या बाजारभावावर तितकीच दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट द्यावे लागतात, त्यामुळे आयुक्त म्हणतात पैसे नाहीत. उरतो टीडीआर, मालक पैशाऐवजी विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क, घेऊन जागा देतो, त्याला राजी करणं हे काम अधिकाऱ्याने मनावर घेतलं तर होतं. तुमच्या मैदानाला १२७ ची नोटीस आलेली असेल तर जानेवारीच्या आधी आयुक्तांना आणि नगरसेवकाला लेखी द्या की या आरक्षणासाठी तरतूद करा. २०२२ नंतर बऱ्याच महापालिकांत कितीतरी काळ प्रशासकच होता, तेव्हा निवेदन द्यायला एकच दार होतं, आता दारं जास्त आहेत तर सगळी वाजवा. पुण्यात नागरिकांना बजेटसाठी कामं सुचवता येतात, २००६ पासून ती सोय आहे, त्यात कुंपण, दिवे, पाण्याचा नळ असली छोटी कामं बसतात. मैदान वापरात आहे हे दाखवायला तो नळही उपयोगी पडतो.

आणि एक नाजूक विषय. मैदान गिळणारा दर वेळी बिल्डरच असतो असं नाही. आधी विरंगुळा केंद्र, मग व्यायामशाळा, मग अभ्यासिका, कोपऱ्यात छोटंसं मंदिर, प्रत्येक गोष्ट आपल्यातल्याच कुणीतरी मागितलेली. सार्वजनिक जागांवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही असा सुप्रीम कोर्टाचा सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, पण तो गल्लीत दाखवायला धाडस लागतं. चबुतरा व्हायच्या आधी बोला, झाल्यावर नाही.

पत्रे लागलेच असतील तर

त्याच दिवशी फोटो, बोर्डावरचा परवानगी क्रमांक टिपा, बोर्ड नसेल तर तसंही लिहा. बांधकाम विभागात अर्ज देऊन मंजूर नकाशा आणि परवानगीची प्रत मागा. परवानगी नसेल तर एमआरटीपीच्या कलम ५४ खाली काम थांबवण्याची आणि ५३ खाली अनधिकृत बांधकाम काढण्याची नोटीस द्यावी, अशी लेखी तक्रार क्षेत्रीय कार्यालयात करा. झाडं तोडत असतील तर वृक्ष प्राधिकरणाकडे वेगळी, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली. परवानगी असेल, आरक्षण रीतसर उठलेलं असेल तर मग वकील गाठा आणि लवकर गाठा, प्लिंथ (इमारतीचं जोतं) वर आल्यावर कोर्टात गेलं की पहिला प्रश्न इतके दिवस काय करत होता हाच येतो. वकिलाकडे जाताना झोन दाखला, फेरबदलाची नोटीस, तुमच्या हरकतीची शिक्क्यासकट प्रत आणि सॅटेलाइटचे स्क्रीनशॉट एका फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने लावून न्या. आमच्याकडे ती फाइल निळ्या रंगाची आहे आणि सोसायटीच्या ऑफिसात लाइट बिलांच्या खणात असते, चावी दोघांकडे.